सगळ्या खांबांचा एकच ठोका

१

फोरट्रान ही कॉम्प्युटरची जुनी भाषा हौसेनं कुणी शिकत नाही, ती गळ्यात पडते. तनुजाच्याही अशीच पडली. चिंचवडच्या त्या छोट्या ऑफिसात ती कामाला लागली तेव्हा रणजीतसरांनी तिला एक खुर्ची दिली, एक कॉम्प्युटर दिला आणि हिंदुरावांचा प्रोग्रॅम दिला. वर सांगितलं, "हा चालतो. का चालतो ते विचारत बसू नकोस." हिंदुराव निवृत्त होऊन मोशीला आपल्या गावच्या घरी जाऊन बसले होते आणि त्यांनी तरुणपणी फोरट्रानमध्ये लिहिलेला तो प्रोग्रॅम इकडे अजून इमानेइतबारे राबत होता.

काम तसं साधं. कारखान्यात मोठं मशीन चाललं की शेड हादरते. शेडच्या खांबांना सेन्सर चिकटवायचे, आठवडाभर हादरे टिपायचे आणि ते आकडे प्रोग्रॅमला खाऊ घालायचे. कुठला खांब किती थरथरतो आणि अजून किती सोसेल हे तो सांगायचा. तेवढं रिपोर्टात उतरवून पाठवलं की तनुजा मोकळी.

या वेळची शेड मात्र तिच्या घरातलीच म्हणायला हवी. चाकणच्या एका फोर्जिंग कंपनीची हॅमर शेड ती. तापून लाल झालेलं लोखंड तिथं हॅमरखाली ठोकून गाड्यांचे भाग काढतात, आणि तनुजाचा थोरला भाऊ रोहिदास तिथं कित्येक वर्षं हॅमर चालवत होता. कंपनीला सहाव्या खांबाजवळ नवा, जास्त वजनाचा हॅमर बसवायचा होता. येत्या गुरुवारी, म्हणजे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, रोहिदास आणि त्याची माणसं ओव्हरटाइमला येऊन त्याच्या पायाच्या प्लेटा आवळणार होती. अट एकच, खांब सोसतील असं तनुजाच्या ऑफिसनं लिहून द्यायचं. म्हणजे भावानं त्या खांबाखाली उभं राहायचं की नाही, हे बहिणीच्या हातात होतं.

सोमवारी तिनं प्रोग्रॅम चालवला. ऑफिसात नुकताच नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्याबरोबर नवा कंपायलर. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं मशीनला समजावून सांगणारा दुभाष्या. जुना दुभाष्या पार थकला होता, नवा चलाख होता. पूर्वी जे काम चहा पिऊन येईपर्यंत चालायचं ते यानं कप उचलायच्या आत संपवलं.

रणजीतसरांनी खांद्यावरून डोकावून आकडे बघितले. "शेड आहे का किल्ला? एकही खांब हलत नाही. उद्यापरवा रिपोर्ट जाऊ दे."

तनुजाही खूश झाली. मग तिनं आकडे पुन्हा एकदा, जरा सावकाश वाचले. दोन नंबरच्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत सगळ्यांचा आकडा एकच होता. जवळजवळ एक नव्हे, शेवटच्या दशांशापर्यंत तोच. हॅमरला खेटून असलेला सहावा खांब आणि पार दाराकडचा दुसरा खांब, दोघंही अगदी तेवढेच थरथरत होते.

२

आता सरळ माणसानं इथं म्हटलं असतं, काहीतरी चुकलंय, उद्या बघू. तनुजा सरळच होती, पण चिकटही होती. तिनं गेल्या गुरुवारचे आकडे प्रोग्रॅममधून काढले. गुरुवारी चाकणला कारखाने बंद, शेडला कुलूप, हॅमर गार. त्या दिवशी खांब शांत असायला हवेत. सेन्सर बिघडला असेल तर तो अशाच दिवशी पकडता येतो.

खांब शांत नव्हते. पडद्यावर सात रेघा होत्या आणि पहिली सोडून बाकी सहाही रेघांना एकाच क्षणी बारीक उंचवटा येत होता. एक उंचवटा मोठा, मागोमाग एक छोटा, पसरट. मग थोडी उसंत, आणि पुन्हा तसंच.

हादऱ्यांचे आकडे आवाजात बदलून ऐकण्याची तिला सवय होती. हिंदुरावांनीच फोनवर शिकवलेली युक्ती, डोळ्याला जे दिसत नाही ते कानाला कळतं म्हणायचे ते. तिनं हेडफोन लावला. दुपारची वेळ होती, बाहेर रणजीतसर फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं हसत होते.

धप्. घस्. धप्. घस्.

एक जड पाऊल आणि मागून घासत येणारं दुसरं. तनुजानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. ही चाल तिच्या ओळखीची होती. रोहिदासच्या उजव्या पायावर फार वर्षांपूर्वी तापलेला लोखंडाचा ठोकळा पडला होता. पाय वाचला, पण तेव्हापासून तो घासत चालायचा. जिन्यात त्याचं पाऊल वाजलं की आई भाकरी तव्यावर टाकायची, इतकी ती चाल घरात मुरलेली.

पण गेल्या गुरुवारी दादा घरी होता. दिवसभर. तनुजानं स्वतः त्याला केस कापायला जा म्हटलं होतं आणि तो गेला नाही म्हणून भांडली होती. शिवाय माणूस एकाच वेळी सहा खांबांपाशी चालेल कसा, हे तर कुठल्याच गणितात बसत नव्हतं. तिनं स्वतःला दोन शब्द सुनावले आणि रिपोर्टाची फाईल न उघडताच घरी निघाली.

३

त्यांचं घर चिखलीला, दुसऱ्या मजल्यावर. वडील युनियनमधले, भूतखेत, नवस, उतारे यातलं काही त्यांनी घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. ते गेल्यावरही घरानं तो शिरस्ता पाळला. आई, म्हणजे मंजुळाबाई, शेजारणींनी काही सांगितलं की म्हणायची, "आमच्यात नाही चालत ते," आणि विषय संपायचा.

संध्याकाळी जिना वाजला. धप्, घस्. धप्, घस्. तनुजा कांदा चिरत होती, तिची सुरी थांबली.

रोहिदास आत आला, चप्पल काढली आणि भिंतीला पाठ टेकून बसला. "काय गं तनू, आमची शेड पास का नापास?"

"बघतेय अजून."

"बघ बाई, बघ. नवा हॅमर आलाय दारात, ताडपत्रीखाली झाकून ठेवलाय. माझे हात शिवशिवतायत." त्याला त्या हॅमरचं नवरदेवाला घोडीचं असावं तेवढं अप्रूप होतं. पहिला ठोका त्यानंच द्यायचा असं शेडमध्ये ठरलं होतं.

"दादा, गेल्या गुरुवारी तू कंपनीत गेला होतास का रे? मधेच, थोडा वेळ?"

"सुट्टीच्या दिवशी? मला काय कुत्रं चावलंय?"

आई आतून हसली. तनुजाही हसली, पण त्या रात्री जेवताना ती भावाच्या पायाकडे बघत राहिली. आपल्या सहीवर हा माणूस त्या खांबाखाली जाऊन बसणार, आणि आपल्याला तिथं काय चाललंय तेच माहीत नाही, हे तिला घशाखाली उतरत नव्हतं.

४

मंगळवारी ती चाकणला गेली. मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत पोचली, कारण हॅमर चालू असताना त्या शेडमध्ये स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येत नाही. शेडच्या दारावर सोनबामामा वॉचमन होते. "जा ताई, सगळी कँटीनला गेलीत," म्हणाले आणि पुन्हा स्टुलावर टेकले.

आत शिरल्यावर आधी गारवा लागला नाही, उलट ऊब लागली. भट्ट्या नुसत्या मंद केल्या होत्या. पत्र्याच्या फटीतून ऊन पडलं होतं आणि त्यात धुळीचे कण उभे होते. दोन्ही बाजूंना खांबांची रांग, वर क्रेनचा रूळ, आणि पार टोकाला जुना हॅमर थांबलेला. ज्या जागी दिवसभर दणका चालतो ती जागा गप्प झाली की कान दुखायला लागतात. तनुजा एका जागी उभी राहिली.

धप्.

तिच्या पाठीमागं झालं. मग लोखंडावर काहीतरी ओढल्यासारखं, घस्.

तिला वळायचं होतं आणि वळवत नव्हतं. वडिलांचा चेहरा तिनं डोळ्यांपुढं आणला, ते काय म्हणाले असते तेही आठवलं, आणि मग ती वळली. मागं कुणी नव्हतं. पत्र्याच्या फटीतून वारा आला आणि पुन्हा तोच आवाज झाला. धप्, घस्.

दोन नंबरच्या खांबावर देवीची तसबीर टांगलेली होती. मोठी, जड चौकटीची, वाळलेल्या झेंडूच्या हारासकट. वाऱ्यानं ती पुढं यायची, खांबावर आपटायची आणि खालचा कोपरा घासत जागेवर जायची. तनुजा जवळ गेली. तसबीर ज्या हुकावर अडकवली होती तो हुक तिच्याच सेन्सरचा होता.

तेवढ्यात रोहिदास आणि त्याचा जोडीदार प्रीतम जेवून परत आले. तनुजानं नुसतं बोट दाखवलं.

"अगं, खंडेनवमीला पूजा केली ना सगळ्या मशीनींची," रोहिदास म्हणाला. "तसबीर ठेवायला जागा नव्हती. हा हुक आयताच मिळाला."

"स्टूल कुणी धरलं होतं ते पण सांगा की बहिणीला," प्रीतम म्हणाला.

"तू धरलं होतंस, दादा? तू असलं काही मानत नाहीस ना?"

"मी देवीला नाही, स्टुलाला हात लावला," रोहिदास म्हणाला आणि तिघंही हसत सुटले. तनुजा तर इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. काल दुपारपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं होतं. तसबीर तिनं काढायला लावली आणि टाइम ऑफिसच्या भिंतीवर चांगल्या खिळ्याला लटकवून घेतली.

५

बसमध्ये बसल्यावर मात्र डोकं पुन्हा चालायला लागलं. तसबीर आपटत होती ती दोन नंबरच्या खांबावर. मग तिचा ठोका पुढच्या सगळ्या खांबांवर, तोही त्याच क्षणी आणि तेवढाच, उमटला कसा?

बुधवारी सकाळी तिनं हिंदुरावांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दुभाष्या बदललाय काय गं पोरी?"

"हो काका. नवा कंपायलर टाकलाय."

"मग तितंच बघ. त्या शेडला दाराकडं एक खांब मागनं वाढवलेला हाय. तवापासनं जुने सगळे खांब एक-एक घर पुढं सरकवावे लागत्यात. एकाच ओळीचं काम हाय ते."

ती ओळ तनुजाला सापडली. आकड्यांची एक रांग होती, प्रत्येक खांबाला एक घर. पहिल्या घरातलं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं तिसऱ्यात, असं सगळं एका दमात पुढं सरकवणारी ती ओळ. रिकाम्या झालेल्या पहिल्या घरात मग नव्या खांबाचा आकडा बसायचा. ओळीत खोट नव्हती, इतकी वर्षं ती बिनबोभाट चालली होती. तनुजानं पाच घरांचा एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला, घरांत एक ते पाच आकडे ठेवले आणि नव्या कंपायलरला सांगितलं, एक घर पुढं सरकव. उत्तर यायला हवं होतं एक, एक, दोन, तीन, चार.

आलं ते असं: एक, एक, एक, एक, एक.

तिनं पुन्हा चालवला. पुन्हा तेच. तिनं हिंदुरावांना पुन्हा फोन लावून ते आकडे वाचून दाखवले.

"व्हय, तेच," हिंदुराव म्हणाले. "स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग बघितलीस ना? समद्यांनी आपलं घमेलं एकदम पुढच्याला द्यायचं, ही रीत. भाषेचा नियमच हाय, आधी समदं वाचायचं, मग लिहायचं. तुझा नवा गडी घाईचा. पहिल्याचं घमेलं दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याचं सांडून टाकलं आन् तेच पुढं तिसऱ्याला. शेवटच्यापोतूर पहिल्याचंच घमेलं. त्याची चलाखी बंद कर आन् मग चालीव."

कंपायलरला घाई करायला लावणारी सोय तिनं बंद केली आणि शेडचे आकडे पुन्हा दिले. या वेळी प्रोग्रॅमनं चांगला वेळ घेतला. आकडे आले आणि प्रत्येक खांब वेगळा निघाला. दुसरा शांत, तिसरा शांत, चौथा जरा अस्वस्थ. सहाव्या खांबाचा आकडा बघून तनुजानं रणजीतसरांना हाक मारली. तिचा आवाज असा काही फुटला की ते जेवणाचा डबा तसाच टाकून आले.

सहावा खांब आठवडाभर ओरडत होता आणि त्याच्या तोंडी दुसऱ्याचं बोलणं घातलं गेलं होतं. नव्या हॅमरचं सोडा, तो खांब जुन्या हॅमरलाही टेकीला आला होता. वर क्रेनचा रूळ पेलणारा जो ब्रॅकेट असतो त्याचं काही खरं नव्हतं.

रणजीतसर तसे हसतखेळत काम करणारे, पण त्या दिवशी त्यांनी बसल्या जागी कंपनीला फोन लावला आणि शेडचा तो भाग बंद करायला लावला. गुरुवारचा ओव्हरटाइम रद्द झाला.

६

गुरुवारी रोहिदास घरात फुरंगटून बसला होता. "सख्ख्या बहिणीनं नापास केलं," असं त्यानं आल्यागेल्याला सांगितलं. दुपारी आईनं मटण केलं तेव्हा कुठं त्याचा राग जरा निवळला. जेवून तो तिथंच फरशीवर आडवा झाला आणि घोरायला लागला.

तनुजा भांडी लावत होती. जाता-येता तिचं लक्ष गेलं तर झोपेत त्याचा पाय हलत होता. टाच फरशीवर टेकायची, घासायची, पुन्हा टेकायची. स्वप्नात चालत असेल, तिनं मनाशी म्हटलं. तिला हसू आलं नाही. ती आत जाऊन उगीच कपड्यांच्या घड्या घालत बसली.

थोड्या वेळानं रोहिदास दचकून उठला. पाणी मागितलं, घटाघटा प्यायला. "पायाला मुंग्या आल्यात," म्हणाला आणि पोटरी चोळत बसला.

त्याचा हात पोटरीवरच होता तेव्हा प्रीतमचा फोन आला. सहाव्या खांबाचा ब्रॅकेट तुटला होता. क्रेनच्या रुळाचा अख्खा तुकडा खाली आला होता, बरोबर त्या जागी जिथं आज प्लेटा आवळायच्या होत्या. शेडला कुलूप होतं. कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

रोहिदासनं फोन खाली ठेवला. मग तनुजाला जवळ ओढून तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा. आई पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. तनुजा रडली, पोटभर रडली, आणि रडून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं उरलेलं मटण गरम करून पुन्हा सगळ्यांना वाढलं. त्या संध्याकाळी त्या घरात जितकं हसणं झालं तितकं वडील गेल्यापासून झालं नव्हतं.

७

शुक्रवारी ती ऑफिसात गेली तेव्हा टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. रणजीतसरांनी कंपायलर बनवणाऱ्यांना त्या पाच घरांच्या प्रोग्रॅमसकट तक्रार पाठवली होती आणि पाठ थोपटून घ्यायची एकही संधी सोडली नव्हती. जुनी सगळी कामं आता पुन्हा तपासायची होती, पण ती जुन्या कंपायलरनं केलेली, म्हणजे धास्ती नव्हती.

सेन्सर अजून शेडमध्येच होते. रूळ पडताना काय झालं हे रिपोर्टाला जोडावं म्हणून तनुजानं कालचे आकडे मागवले. कंपायलरची घाई बंद आहे ना हे तिनं बघितलं. पाच घरांची चाचणी घेतली. एक, एक, दोन, तीन, चार. सगळं ठीक होतं. मग तिनं आकडे दिले.

दुपारपर्यंत सगळ्या रेघा सपाट होत्या. हॅमर बंद, भट्ट्या बंद, तसबीर टाइम ऑफिसच्या भिंतीवर. जेवणाच्या वेळेनंतर दाराजवळच्या पहिल्या खांबाच्या रेघेवर एक उंचवटा आला. मोठा, आणि मागोमाग छोटा, पसरट. फक्त पहिल्या खांबाच्या.

मग तो दुसऱ्याच्या रेघेवर आला. पहिल्याची पुन्हा सपाट झाली होती. मग तिसऱ्याच्या.

तिचा हात हेडफोनकडे गेला आणि तिथंच थांबला. ऐकायची गरज नव्हती. चौथा, पाचवा, मग सहावा. सहाव्यापाशी तो थांबला. तिथं मात्र बराच वेळ बारीक-बारीक थरथर होती, माणूस एका जागी उभं राहून भार या पायावरून त्या पायावर घेतो तशी. आणि मग सगळ्या रेघा एकदम उसळल्या, रूळ पडला तो क्षण. त्यानंतर तो उंचवटा पुन्हा आला नाही. तनुजानं संध्याकाळपर्यंतच्या रेघा बघितल्या. दाराकडं परत जाणारं काही तिला दिसलं नाही.

तिनं सोनबामामांना फोन केला. "मामा, काल दुपारी शेडमध्ये कुणी गेलं होतं का?"

"आत कोण जाणार ताई? कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात होती. आवाज झाल्यावर आम्ही उघडलं."

"रुळाखाली काही सापडलं का?"

"काय सापडायचंय? नुसतं लोखंड."

रणजीतसरांनी रेघा बघितल्या आणि पेढा तोंडात टाकत म्हणाले, "पत्रे तापतात गं. दाराकडून ऊन सरकत जातं तसे एकेक तडतडतात. ऑक्टोबर आहे." तनुजाला ते पटलं. म्हणजे पटवून घेता येण्याजोगं होतं, आणि तिनं पटवून घेतलं. रिपोर्टात तिनं तसंच लिहिलं आणि सही केली.

८

त्या संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती. जिना वाजला. पावलं वर येत होती, दोन्ही सारखी, सरळ, न घासता. शेजारचं कुणी असेल म्हणून तिनं लाटणं थांबवलं नाही. आईनंही तवा तापवला नाही.

पावलं त्यांच्याच दाराशी थांबली आणि कडी वाजली.

"कोण आलंय बघ गं," आई म्हणाली.

तनुजा दारापर्यंत गेली, पण कडीला हात लावायचं तिच्या जिवावर आलं. "कोण आहे?"

"अगं मी. आता दारातून पण नापास करतेस का?"

तिनं दार उघडलं. रोहिदास उभा होता, हातात भज्यांची पुडी, तेलानं कागद पारदर्शक झालेला. तो आत आला, चप्पल काढली आणि खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं, लहान पोरं नवे बूट दाखवतात तसं. "बघ आई. काल झोपून उठलो तेव्हा मुंग्या आल्या होत्या ना, त्यानंतर पाय मोकळाच झाला. आज शिफ्टभर उभा होतो, काही नाही."

आईनं त्याचा पाय हातात घेतला, इकडून तिकडून दाबून बघितला. "माझ्या तेलाचा गुण आहे," म्हणाली. "इतकी वर्षं चोळतेय, कधीतरी लागायचाच." आणि ती इतकी आनंदली की तिनं भजी आधी त्यालाच वाढली.

तनुजाही आनंदली, खोटं कशाला सांगू. भाऊ समोर बसून भजी खात होता, तिच्या ताटातली उचलत होता, तिला चिडवत होता. जे काही त्या खांबाखाली जाऊन उभं राहिलं आणि परत आलं नाही ते दादाचं होतं की नव्हतं, याचा तिनं फार विचार केला नाही. ते तिकडं राहिलं म्हणून हा इकडं आहे, एवढंच तिच्या मनात आलं, आणि त्याबद्दल तिनं मनातल्या मनात हात जोडले. कुणाला ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. घरात तसली सवय नव्हती.

रोहिदासचा पाय त्यानंतर कधी घासला नाही. फक्त एक झालंय. जिन्यातली पावलं ऐकून कोण आलंय हे आता त्या घरात कुणाला सांगता येत नाही. म्हणून रोज संध्याकाळी जिना वाजला की तनुजा हातातलं काम टाकून उठते, दार उघडते आणि आधी चेहरा नीट बघते. चेहरा दादाचाच असतो. मग ती बाजूला होते आणि त्याला आत येऊ देते.